नोकरीचं नंतर बघू, आधी पटकथा पुरी कर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वय ३२, राहायला कोल्हापुरात, सहकारी बँकेत नोकरी, चार वर्षांची मुलगी. कॉलेजात दोन एकांकिका लिहिल्या, मागच्या वर्षी मैत्रिणींना घेऊन मोबाइलवर बारा मिनिटांची शॉर्टफिल्म केली. डोक्यात एका मोठ्या सिनेमाची गोष्ट आहे. नोकरी सोडून पुण्या-मुंबईला जावं का, उशीर झालाय का, आणि गोष्ट निर्मात्याला विकावी की स्वतः दिग्दर्शित करावी, असं तू विचारलंयस. वयानं मी बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते.

मी याच गावची. या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. पहिली नऊ कंटिन्युइटी (एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना हे बघणं) सांभाळण्यात आणि साहाय्यक म्हणून पळण्यात गेली, मग दुसऱ्यांसाठी पटकथा-संवाद लिहिले, आणि दिग्दर्शक म्हणून तीन चित्रपट केले. एक चालला, एक महोत्सवांत फिरला आणि एक कुणी पाहिलाच नाही. एवढ्या भांडवलावर बोलते आहे.

तीन प्रश्न तू विचारलेस, पण चौथा राहिला: गोष्ट डोक्यात आहे म्हणजे किती पानं लिहून झाली? तुझ्या मजकुरात ‘कल्पना’ हा शब्द सहा वेळा आलाय, ‘पानं’ एकदाही नाही. रागावू नकोस, माझंही तेच होतं. चार वर्षं मी एक गोष्ट लोकांना चहावर सांगत फिरले आणि प्रत्येक वेळी ती छान झाली. लिहायला बसले तेव्हा कळलं की मध्यंतरानंतर माझ्याकडे काहीच नाही.

सेटवर दिग्दर्शकाला कुणी कल्पना विचारत नाही. विचारतात ते असलं: ताई, सासूच्या हातात पिशवी कापडी की प्लॅस्टिकची? दार लोटलेलं ठेवायचं की सताड उघडं? ती बोलून बसते की बसून बोलते? भिंतीवर कॅलेंडर लावू, तर महिना कुठला? दिवसाकाठी अशी शे-दीडशे उत्तरं द्यावी लागतात आणि ती लगेच द्यावी लागतात, कारण मागं चाळीस माणसं उभी असतात आणि उजेड उतरत असतो. दिग्दर्शन म्हणजे प्रामुख्यानं ठरवणं. आणि आपल्याकडे बायका घर चालवतात, पण सोफ्याचा रंग विचारला तर ‘यांना विचारून सांगते’ म्हणतात. माझी आई दीड एकराचा ऊस आणि पाच माणसांचं घर एकटी बघायची, तरी खताच्या दुकानात हिशेब वडिलांच्या नावानं मांडायची. ठरवत तीच होती. ‘मी ठरवलं’ असं म्हणायची सवय मात्र तिला नव्हती. ती सवय तुला लावून घ्यायची आहे, आणि कुणाची परवानगी, पैसा किंवा कॅमेरा न लागता ती लावता येईल अशी जागा एकच आहे, पटकथेचा कागद.

तू बँकेत आहेस, तर बँकेतलंच उदाहरण घेऊ. ‘सासरे पेन्शन काढायला येतात. काउंटरवर सूनच आहे. तिला स्क्रीनवर दिसतं की खात्यात पैसेच नाहीत.’ ही झाली कल्पना, आणि ऐकायला बरी आहे. आता लिहायला बस. पैसे कुणी काढले? समजा, नवऱ्यानं, वडिलांचं एटीएम कार्ड वापरून. सुनेला हे आधी माहीत होतं का? माहीत असेल तर ती सासऱ्यांना दारातून येताना बघते तिथंच सीन सुरू होतो आणि तिची धडपड त्यांना दुसऱ्या काउंटरकडे वळवायची असते. माहीत नसेल तर सीन स्क्रीनवरच्या आकड्यापाशी सुरू होतो आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलायला नको. आणि सासऱ्यांना माहीत असेल तर? म्हणजे मुलानं पैसे काढलेत हे कळूनही म्हातारा मुद्दाम सुनेच्याच काउंटरला येऊन स्लिप पुढं करतोय. मग सीन त्याचा झाला, आणि ‘पासबुक भरून दे की, पोरी’ या एका साध्या वाक्याला धार आली. मागं रांग आहे. तिला ऐकू जातंय का? पासबुक छापायच्या मशिनचा आवाज कुठल्या शब्दावर येतो? आणि त्यानंतर कापून कुठं जायचं, घरच्या स्वयंपाकघरात की रंकाळ्याच्या कट्ट्यावर एकट्या बसलेल्या म्हाताऱ्याकडे?

यातलं प्रत्येक उत्तर दिग्दर्शनाचं आहे आणि तू ते कागदावर देते आहेस. म्हणून पटकथा आणि दिग्दर्शन या दोन वेगळ्या नोकऱ्या समजू नकोस. मी वहीत उजव्या पानावर सीन लिहिते आणि डावं पान कोरं सोडते. त्यावर खोलीचा नकाशा काढायचा: दार कुठं, खिडकी कुठं, कोण कुठून कुठं जातं. ही सवय मला एका फजितीनं लागली. दिग्दर्शक म्हणून पहिल्या दिवशी वयस्कर कॅमेरामननं ‘बाळ, मास्टर (अख्खा सीन एकत्र दिसणारा शॉट) कुठून घ्यायचा?’ एवढंच विचारलं आणि माझी बोबडी वळली. सीन पाठ होता, पण खोली डोळ्यांपुढं नव्हती. त्यांनीच जागा सांगितली, आणि मग दुपारपर्यंत सगळं युनिट मला सोडून त्यांनाच विचारू लागलं. ते परत माझ्याकडे वळवायला मला आठवडा लागला.

पानांचा हिशेब असा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं म्हणतात, पण देवनागरीत आणि आपल्या लांबलचक संवादांत तो ढळतो. मी प्रत्येक सीन मोठ्यानं वाचते आणि घड्याळ लावते. बोलण्याशिवायच्या हालचालीही मनात करून बघते. शंभराच्या आसपास पानं झाली की चित्रपटाचा ऐवज झाला. रोज एक पान होणार नाही, तुझ्या घरी तर नाहीच. आठवड्याला तीन पानं धर. आठ-नऊ महिन्यांत पहिला खर्डा होतो. तो वाईट असणार. माझा कुठलाच पहिला खर्डा मी नंतर कुणाला दाखवलेला नाही. चौथ्या-पाचव्याला त्याला रूप येतं.

आता उशिराचं. सुमित्रा भावे यांचा जन्म १९४३ चा. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि शिक्षक. सिनेमाचं कसलंही रीतसर शिक्षण नसताना, वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना, अहवाल लिहिण्याऐवजी त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. साल १९८५, म्हणजे वय बेचाळीस. सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांबरोबर केलेला ‘दोघी’ १९९५ चा, म्हणजे बावन्नाव्या वर्षी. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, सुवर्णकमळ, मिळालं तेव्हा त्या चौऱ्याहत्तरच्या होत्या. आणि त्या स्वतःच्या पटकथा स्वतः लिहायच्या. सई परांजपे यांचंही बघ. आठव्या वर्षी गोष्टींचं पुस्तक निघालेलं, मग पुणे आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दिल्ली दूरदर्शन, बालनाट्यं. ज्यानं त्यांचं नाव देशभर झालं तो ‘स्पर्श’ आला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती, आणि त्याच्या पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघींनीही सिनेमात येण्याआधी दुसरं एक काम पक्कं केलं होतं, एकीनं लोकांशी बोलून समजून घेण्याचं, दुसरीनं रेडिओ-रंगभूमीवर रोजच्या रोज लिहिण्याचं. ती वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? बँकेच्या काउंटरमागून तू दहा वर्षं माणसं पाहिलीस. मी तुझ्या जागी असते तर त्यावरच लिहिलं असतं.

(दोघींच्या घरचं वातावरण शिकलेलं, पुण्याचं होतं हेही खरं. सई परांजपे गणितज्ञ रँग्लर परांजप्यांची नात. तुझ्या-माझ्यामागं ते नाही. म्हणून तुलना वयापुरतीच.)

पुण्या-मुंबईला जावं का? हे परिस्थितीवर आहे आणि तुझी परिस्थिती तूच जाणतेस. पगारावर गृहकर्ज चालतंय का, मुलीला बघणारं कुणी आहे का, नवरा ‘जा’ म्हणतोय की ‘बघ बाबा तुझं तू’ म्हणतोय, हे तू लिहिलेलं नाहीस. एकटी आणि बावीस वर्षांची असतीस तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा दे म्हणाले असते. दिग्दर्शन-पटकथेचा तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ. गंमत म्हणजे ती संस्था आहे प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत, आणि प्रभात १९२९ साली आपल्या कोल्हापुरात सुरू झालेली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ तिनं इथंच केला आणि पुढच्या वर्षी पुण्याला बिऱ्हाड हलवलं. तेव्हापासून इथल्या प्रत्येकाला वाटतं की सिनेमा करायचा तर आपणही बिऱ्हाड हलवावं. तुझ्यासाठी मी आत्ता एवढंच सुचवीन: एफटीआयआय आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून चित्रपट रसास्वादाचा काही आठवड्यांचा वर्ग घेतात, तो साठवलेल्या रजेत बसतो. तो कर. नुसते सिनेमे पाहायला नको, ते कसे बांधलेत हे दहा तऱ्हेच्या माणसांशी वाद घालत समजून घ्यायला. गावात फिल्म सोसायटी आहे, तिथंही जात जा.

दुसरं, सेट बघितल्याशिवाय राहू नकोस, आणि त्यासाठी मुंबई लागत नाही. मालिकांनी आपल्याकडे बरंच काम आणलं. वसगड्यात चार-पाच वर्षं एक मालिका चालली, मोरेवाडीच्या चित्रनगरीतही मालिका झाल्या. बाहेरचं युनिट आलं की त्यांना स्थानिक साहाय्यक लागतोच, ज्याला वाडा कुठं मिळेल, बैल कुणाचे, हे माहीत असतं. एकदा पंचवीस दिवस बिनपगारी रजा काढून साहाय्यकाचं काम कर. कंटिन्युइटी मिळाली तर उत्तम, कारण त्यात दिग्दर्शकाच्या शेजारी बसून प्रत्येक शॉट लिहून घ्यावा लागतो. कुठला ग्लास किती भरलेला होता, पदर कुठल्या खांद्यावर होता. हे काम बायकांना ‘बारीक लक्ष असतं’ म्हणून देतात आणि मग वर्षानुवर्षं तिथंच ठेवतात. मी नऊ वर्षं राहिले, तू एवढी राहू नकोस. मालिकेच्या लेखनात मात्र एकदम उडी मारू नकोस. पैसे वेळेवर येतात, हात चालता होतो, हे खरं. पण रोजचा एपिसोड द्यायचा म्हणजे वाहिनीचे निरोप कागदावर उतरवायचे, आणि आपलं ठरवणं तिथंच सुटतं.

बाई म्हणून काय अडतं, हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. मोठमोठ्या अन्यायाआधी लघवीला जायची सोय अडते. पठारावर शूटिंग असेल तर नायिकेला व्हॅनिटी व्हॅन असते, साहाय्यक मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. दिग्दर्शक झाल्यावर मी रेकीत, म्हणजे आधी जागा बघायला जाते तेव्हा, कॅमेऱ्याच्या जागेआधी ही सोय बघते. रात्रीच्या पॅकअपनंतर मुलींना घरापर्यंत सोडायची गाडी कोण देणार, हे निर्मात्याकडून आधी लिहून घे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. समितीत कोण आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत विचारायचं. विचारलं की काही जण हसतात. हसू देत.

आपल्या गावाचं एक कौतुक मला फार आहे. इथले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी १९२० च्या ‘सैरंध्री’त बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या, तेही घरंदाज घरांत सिनेमाचं नावही निघत नसे अशा काळात. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तिथून मी शाळेला जायचे. पण बाई कॅमेऱ्यापुढं येणं आणि कॅमेरा कुठं ठेवायचा हे बाईनं सांगणं, यांत फार अंतर आहे. मुंबईत फातमा बेगमनं १९२६ मध्येच चित्रपट दिग्दर्शित केला होता. आपल्याकडे मात्र मी सेटवर मॉनिटरसमोर बसले, तर लोकेशनवरचे लोक ‘डायरेक्टर कुठायत?’ म्हणून मलाच विचारतात. अजूनही.

स्वतः लिहिलेलं स्वतः करण्याचा मोठा फायदा मला पहिल्या चित्रपटात कळला. १०४ पानं आणि २४ दिवस, म्हणजे दिवसाला चार पानांच्या वर. गगनबावड्याकडे दोन दिवस अवकाळी पावसानं खाल्ले. निर्माता म्हणाला, नऊ पानं कापा. लेखक दुसरा असता तर फोनाफोनीत रात्र गेली असती आणि शेवटी कुणीतरी नुसतीच पानं फाडली असती. माझ्याकडे मुलगी घर सोडते त्याचे तीन सीन होते: घरात भांडण, गल्लीतून जाणं, एसटी स्टँडवर निरोप. त्यातलं नेमकं काय हवंय हे मला ठाऊक होतं, कारण ते मीच आठ वेळा लिहिलं होतं. आईनं मुलीला डबा द्यायचा आणि मुलीनं तो न घेता निघायचं, बाकी सगळं त्याभोवतीचं. तिन्हींचा एकच सीन स्वयंपाकघरात केला. आज लोक तोच सीन चांगला होता म्हणतात.

तोटाही तेवढाच आहे. लेखक आणि दिग्दर्शक एकच असला की ‘हे चुकतंय’ म्हणणारं कुणी उरत नाही. भाव्यांबरोबर सुकथनकर होते. माझा जो चित्रपट कुणी पाहिला नाही, त्यात मी कुणाचंच ऐकलं नव्हतं. पटकथा वाचून तोंडावर बोलणारी दोन माणसं गाठ, त्यातलं एक सिनेमाबाहेरचं असावं.

भाषेबद्दल एक. तुझ्या प्रश्नात एका ठिकाणी ‘रात्री लिहीत बसतो’ असं आलंय, बाकी सगळीकडे ‘करते, वाटते’. म्हणजे लिहिताना तू सावरून लिहिलंस आणि एक ‘बसतो’ निसटला. मीही घरी ‘येतो गं’ असंच म्हणते. इथल्या कित्येक बायका-मुली असंच बोलतात, आणि पडद्यावरची ‘कोल्हापूरची मुलगी’ मात्र ‘लई’ आणि ‘व्हय’ पेरलेलं पुणेरी बोलते. तो निसटलेला ‘बसतो’ संवादात आण. निर्माता म्हणेल, प्रेक्षकांना चूक वाटेल. त्यावर तू काय ठरवतेस, हेही दिग्दर्शनच.

आतापर्यंतचं एका दमात: नोकरी आत्ता सोडायची नाही, वर्षभरात पटकथेचे दोन तरी खर्डे करायचे, एकदा रजा काढून वर्ग आणि एकदा रजा काढून सेट. त्यानंतर नोकरीचा प्रश्न पुन्हा विचार. तेव्हा उत्तर वेगळं येऊ शकेल.

राहिलं गोष्ट विकण्याचं. नुसती गोष्ट विकली जात नाही आणि तिला संरक्षणही नाही. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणून कुणाला ऐकवण्याआधी लिहून काढ आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेत ऑनलाइन नोंद कर. नोंदीनं मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हे तुझ्याकडे लिहिलेलं होतं याचा पुरावा राहतो. माझी एक पटकथा एका निर्मात्यानं तोंडी बोलीवर घेतली होती. चित्रपट लागला तेव्हा श्रेयनामावलीच्या पाटीवर माझं नाव ‘संवाद साहाय्य’ म्हणून, तेही शेवटी, लोक चपला शोधत असताना. कागद नव्हता, मी काय करणार?

कागद करताना हे बघ. स्वामित्वहक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी आणि सहीचाच लागतो. त्यात कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला, हे असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते तुझ्याकडे परत येतात. म्हणूनच छापील करारात हे कलम लागू नाही अशी एक ओळ हमखास घुसडलेली असते, ती शोध. ‘सर्व माध्यमांत कायमस्वरूपी’ असं दिसलं की वेब आणि इतर भाषांतल्या रिमेकचं वेगळं बोल. हक्क विकल्यावरही लेखक म्हणून आपलं नाव सांगायचा अधिकार स्वामित्वहक्क कायद्याच्या ५७ व्या कलमानं लेखकाकडेच राहतो, तरीपण पाटीवर नाव कुठं आणि कोणत्या शब्दांत येणार हे करारातच लिहून घे.

माझं मत विचारशील तर ही पहिली पटकथा विकू नकोस, आणि लगेच स्वतः करायचा हट्टही धरू नकोस. तिच्यातला एक सीन, तो बँकेतलाच घे हवं तर, सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर नव्हे तर भाड्याच्या कॅमेऱ्यानं, एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक घेऊन चार मिनिटांचा चित्रित कर. निर्मात्याला पटकथेबरोबर तो दाखवता येतो. पैसे फार लागत नाहीत, जेवणाचा खर्च मात्र धरायचा विसरू नकोस. आपल्याकडे रविवारी युनिटला मटण नसलं तर दुपारनंतर कुणी हलत नाही. बँकेची परवानगी मिळणार नाही, तेव्हा काउंटर दुसरीकडे उभा करावा लागेल. पतसंस्थेचं बंद पडलेलं एखादं कार्यालय बघ. पासबुकाच्या मशिनचा आवाज मात्र तुझ्याच शाखेत जाऊन आधी टेप करून ठेव.